ओट्यासमोरची गल्ली

उमेळे, वसई
५ जानेवारी २०२५

जयवंता,

आशीर्वाद आधी घेऊन ठेव, कारन पुढं मी रागावनार हाय.

शुक्रवारी सकाळी दोन मानसं लांब टेप घेऊन आली. आपल्या ओट्यासमोरून मागच्या बिल्डिंगींकडं जी गल्ली जाते ती त्यांनी मापली. मग केळी मापल्या, बावखलाचा, आपल्या वाडीतल्या तळ्याचा, काठ मापला, सोनचाफ्याखाली उभं राहून कागदावर रेघा मारल्या. "कोन रे तुम्ही?" म्हनून मी विचारलं. एकाचे ओठ हलले, पन माझ्या कानांनी काय घेतलं नाय. आनि त्यांच्याबरोबर कोन, तर हितेश! आपल्या चुलत्याचा नातू, जागा विकून देतो, घेऊन देतो, तोच. मला बघून असा हसला की माझ्या मनात पाल चुकचुकली.

शनिवारी मागच्या बिल्डिंगीतली आर्या आली. ती तिथल्या कमिटीची सेक्रेटरी हाय. पोरगी वाईट नाय, पन तिनं पाटीवर लिहून लिहून मला काय काय विचारावं? जन्म कधीचा? नवरा कधी वारला? माहेरी परत कधी आलात? आनि शेवटी म्हने, आजी, एक फोटो काढू? काढला पन. मी पदर नीट करायच्या आत काढला.

आता तुला ठाऊक असलेलं पन कागदावर असू दे म्हनून लिहिते. हे घर, ही वाडी, ही गल्ली, सगळं तुझ्या नावावर हाय. मी चोविसाव्या वर्षी विधवा होऊन इथं परत आले, तू तेव्हा बारा वर्षांचा, आईला जाऊन सहा महिने झालेले. तेव्हापासून मी इथंच हाय. मागच्या लोकांना वाट मीच दिली. त्यांच्या रस्त्यावर कमरेइतकं पानी भरलं तेव्हा कोयत्यानं कुंपन तोडलं ते मी. पन कागद तुझा.

विकनार असशील तर सरळ सांग. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची हाय, मला टप्प्याटप्प्यानं सांगायची गरज नाय. फोन करू नको, फोन माझ्या कानाला लागत नाय. लिही.

आका


नाशिक
१४ जानेवारी २०२५

प्रिय आका,

वाकून नमस्कार. आज संक्रांत. तिळगूळ पाठवायचा होता, पण खुशी म्हणाली, आजोबा, पोस्टातून जाईपर्यंत त्याचा भुगा होईल. म्हणून इथूनच म्हणतो, गोड बोल. तुझं पत्र वाचून वाटतं, त्याची गरज आहे.

टेपवाल्यांचं इतकं मनावर कशाला घेतेस? पावसाळ्याआधी गटारांची मोजणी होते, त्यातलंच काही असेल. हितेश गावातला मुलगा, दिसला असेल म्हणून थांबला असेल. मी काही विकायला काढलेलं नाही. तू निवांत राहा.

आता माझं एक काम कर. तुझ्या आधारची झेरॉक्स, शाळेचा दाखला असेल तर तो आणि एखादा जुना फोटो, बावखलावर रहाट होता तेव्हाचा, मला पाठव. कशासाठी ते आत्ता विचारू नकोस. चांगल्यासाठीच आहे.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. सिद्धेश कामात असतो. खुशीची कॉलेजची परीक्षा जवळ आली आहे. माझी तब्येत उत्तम.

तुझा
जयवंत


उमेळे
२२ जानेवारी २०२५

जयवंता,

तीळ माझ्याकडं पन हायत, पन आज तोंडातून गोड काय निघायचं नाय.

गटारं? जानेवारीत? आनि गटारवाले केळी कशाला मोजतील? तू छत्तीस वर्षं पोरांना शाळेत शिकवलंस, आनि बहिनीला एवढीच थाप मारता आली?

बरं, दुसरं ऐक. तू माझ्याकडं आधार, दाखला आनि फोटो मागितलास. त्याच्या आधी दहा दिवस आर्यानं माझा जन्म विचारला आनि फोटो काढला. नाशिकला बसून तुला तेच कसं सुचलं? कुठंतरी पानी मुरतंय.

मी हितेशच्या घरी गेले. तो चहा पीत बसला होता, माझ्याकडं बघेना. मी त्याच्यासमोर उभीच राहिले. मग पेपराच्या कोपऱ्यावर त्यानं लिहून दाखवलं, "जयवंतकाकांना विचारा." तो कोपरा मी फाडून घेतला, ह्या पत्राला टाचलाय. बघ अक्षर.

म्हनून मी सोमवारी फाटकाला कुलूप लावलं. गल्ली बंद! दोन दिवस बंद! शाळेची व्हॅन लांबून वळून गेली. माझी शेजारीन लिडिया कुंपनावरून हात हलवून हलवून माझ्यावर ओरडली, म्हने, जिजा, मानसांची अडचन करू नको, नाताळात माझ्या हातच्या तळलेल्या गोड फुग्या खाऊन पन तुझं पित्त जात नाय. तिसऱ्या दिवशी एक पोरगी काखेत कुबडी लावून फाटकापाशी उभी राहिली, पाय मोडलेला. तिला लांबून जा कसं म्हनू? उघडलं कुलूप. पन ओट्यावरून हलले नाय. येनाऱ्या-जानाऱ्याला विचारलं, कोन तू, कुनाकडं चाललास? ते तर मी रोजच विचारते, पन ह्या वेळी जरा जोरात.

आधार पाठवत नाय. दाखला पन नाय. आधी कारन सांग.

आका


नाशिक
८ फेब्रुवारी २०२५

प्रिय आका,

नमस्कार. पत्राला उशीर झाला, माफ कर. उजवा हात जरा दुखावला आहे म्हणून मी सांगतो आणि खुशी लिहिते. अक्षर तिचं, शब्द माझे.

फाटक बंद केलंस ते वाचून वाईट वाटलं. पुन्हा करू नकोस, आका. काहीही झालं तरी गल्ली उघडी असू दे. तू आत्ता फाटक बंद केलंस तर सगळंच बिघडेल. याहून जास्त मी सांगत नाही.

कागद दिले नाहीस तरी चालेल. मी दुसरीकडून व्यवस्था केली आहे.

हितेशवर रागावू नकोस. तो माझ्या सांगण्यावरूनच वागला.

तुझा
जयवंत


उमेळे
१५ फेब्रुवारी २०२५

जयवंता, तू असशील तर,

तू वहीत ओळ आखून लिहायचास, तुझा "ज" बघून गुरुजी तुला फळ्यावर लिहायला उठवायचे. आनि आता चार ओळींना उशीर, अक्षर दुसऱ्याचं, आनि "दुसरीकडून व्यवस्था केली"! म्हनजे माझ्या मागून माझे कागद गोळा होतात. असं बोलनं तुझं नाय. हे कुनीतरी तुझ्या तोंडी घालतंय.

खुशी, बाळा, तू लिहितेस तर तुझ्यावर राग नाय. पन तुझ्या बापानं तुला बसवून हे लिहून घेतलं असेल तर मला कसं कळावं? सिद्धेश मागच्या गनपतीत आला तेव्हा ओट्यावर बसला नाय, वाडीच्या चारी कोपऱ्यांत फिरला आनि मोबाईलवर फोटो काढत राहिला. मी बघत होते. मला ऐकू येत नाय, दिसतं सगळं.

म्हनून एक विचारते. हे फक्त मला आनि जयवंताला ठाऊक हाय. तो मास्तरकीच्या कॉलेजात राहायला गेला त्या दिवशी मी त्याच्या ट्रंकेला किती कुलपं लावली आनि किल्ल्या कुठं ठेवल्या? बरोबर उत्तर आलं तर मी समजेन की मानूस तोच हाय. नाय आलं तर मी लिडियाच्या पोराला घेऊन सरळ नाशिकला येते.

आका


नाशिक
२२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आका,

दोन कुलपं. एक बाहेरून, एक आतल्या कप्प्याला. होस्टेलातली पोरं कशी असतील कोण जाणे, म्हणून. दोन्ही किल्ल्या तू माझ्या बनियनला आतून खिसा शिवून त्यात घातल्यास आणि खिशाचं तोंड पण शिवून टाकलंस. मला म्हणालीस, लागतील तेव्हा उसव.

आता तुला ठाऊक नसलेलं सांगतो. पहिल्याच आठवड्यात तो बनियन धोब्याकडे गेला तो परत आलाच नाही. दोन्ही कुलपं मी दगडाने फोडली. तुला कधी सांगितलं नाही, कारण तू दर सुट्टीत विचारायचीस, कुलपं टिकली ना? आणि मी म्हणायचो, टिकली.

पटलं? मीच आहे. नाशिकला येऊ नकोस. गल्ली सोडून कुठेही जाऊ नकोस.

तुझा
जयवंत

(आत्याआजी, मी खुशी. हे सांगताना आजोबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. बाबांनी मला काही सांगितलेलं नाही. शप्पथ.)


उमेळे
९ मार्च २०२५

जयवंत रामनाथ तरे यांस,

आशीर्वाद लिहीत नाय. मेलेल्या बाईनं कुनाला आशीर्वाद द्यावा?

काल दुपारी आर्या आली. काखेत फाईल. तिला तहान लागली म्हनून ती आत माठाकडं गेली आनि फाईल ओट्यावर ठेवली. ओटा माझा, ओट्यावरची वस्तू मी बघनार. तू म्हनशील चोरी, म्हन.

वर नाशिकच्या शिक्क्याचं पाकीट. पत्ता तुझ्या हातचा, तोच तुझा "ज", जानेवारीतला शिक्का. आत एक छापील अर्ज. अक्षर बारीक, मी लिडियाला कुंपनावरून बोलावली. तिनं चष्मा चढवला, वाचलं आनि कागद उलटा करून छातीशी धरला. मी तिच्या हातातून ओढून घेतला.

"कै. जिजाबाई रामनाथ तरे." कै.! कैलासवासी! पुढं "मृत्यू दिनांक", तिथं मोकळी जागा. खाली "वारसाची संमती", आनि तिथं तुझी सही. पूर्न सही, शेवटी टिंबासकट.

मोकळी जागा कशाला ठेवलीस? मी कधी जाते ते बघून भरायला?

आर्या बाहेर आली तर रडायलाच लागली. पाटीवर काय काय लिहून दाखवत होती, मी वाचलं नाय. मी तिला हात धरून फाटकाबाहेर काढली.

जयवंता, आई गेली तेव्हा तुला मी भरवलं. तुला ताप आला की रहाट सोडून उशाशी बसले. तुझं लग्न झालं तेव्हा नवऱ्याचं घर नसलेली बाई म्हनून मी पुढं उभी राहिले नाय, स्वयंपाकघरात राहिले. मी तुझ्याकडं काय मागितलं? आनि तू मला जिवंतपनी मारून कागदावर सही केलीस. वाडी पाहिजे होती तर "आका, ऊठ" म्हनायचंस. मी उठले असते.

कोनीतरी मेलं म्हनून कागद केले की जमीन कशी जाते ते मी गावात डोळ्यांनी बघितलंय. मी तलाठ्याकडं जानार हाय. आधार घेऊन, फोटो घेऊन, लिडियाला साक्षीला घेऊन. सांगनार, बघा, मी जिवंत हाय, ओट्यावर बसते, अख्खं उमेळं बघतं.

त्याआधी तुला एक पत्र लिहायची संधी हाय. हीच.

जिजा


नाशिक
१७ मार्च २०२५

आका,

तलाठ्याकडे जाऊ नकोस. आधी हे पूर्ण वाच. खुशी लिहिते आहे, आणि मध्येमध्ये थांबते आहे, कारण हे तिलाही आजच कळतं आहे.

तुझा संशय सगळाच खोटा नाही. गेल्या ऑक्टोबरात सिद्धेशने एका बिल्डरचा नकाशा आणला. वाडीवर दोन इमारती, बावखल बुजवून पार्किंग. "आत्याला इथे आणू, तिचंही वय झालं," असं तो म्हणाला. मी नाही म्हणालो नाही, आका. दोन दिवस तो नकाशा माझ्या उशाशी होता. दोन दिवस मी विचार केला. हे तुला कळायला हवं.

तिसऱ्या दिवशी मी सिद्धेशला तो परत न्यायला सांगितला. नोव्हेंबरात मला अर्धांगवायूचा पहिला झटका आला, हलकासा. तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तू फाटकाला कुलूप लावून इथे आली असतीस. दुसरा जानेवारीच्या अखेरीला. उजवा हात त्यात गेला. "दुखावला" म्हणालो ते खोटं होतं. डॉक्टर तिसऱ्याबद्दल काही कबूल करत नाहीत.

डिसेंबरात आर्याचं पत्र आलं. पत्ता तिने हितेशकडून घेतला. तिने लिहिलं होतं की गल्लीला नाव द्यायचं ठरलं आहे, दोन्ही बिल्डिंगींच्या सभेत एकच नाव आलं आणि कोणीही हात खाली ठेवला नाही. मी विचारलं, का म्हणून? तिचं उत्तर मी पाठ केलं आहे. "आजी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारतात, कोण तू, कुणाकडे चाललास. आम्हाला आधी राग यायचा. पण आमच्या मुली संध्याकाळी क्लासवरून एकट्या येतात आणि कोणाची हिंमत होत नाही. या गल्लीतून आजवर एक सायकल चोरीला गेलेली नाही. आणि वाट आजींनीच दिली. पार्सलवाल्याला, रिक्षावाल्याला, पाहुण्यांना आम्ही पत्ता सांगतो तो जिजाआकाची गल्ली असाच." तुझ्या संशयावर मी जन्मभर हसलो, आणि लोक त्यासाठी तुझं नाव लावायला निघाले.

पण महापालिकेत आर्याला सांगण्यात आलं की हयात माणसाचं नाव रस्त्याला देत नाहीत. माणूस गेल्यावरच, आणि वारसाच्या सहीनेच. ती म्हणाली, काही हरकत नाही, आम्ही थांबू, आजींना शंभर वर्षं मिळोत. ती थांबेल. मी थांबू शकत नाही. तुझा वारस मी एकटा. मी आधी गेलो तर तुझ्या कागदावर सही कोण करणार? सिद्धेश? ज्याने नकाशा आणला तो?

म्हणून हात चालत होता तोवर मी सही करून ठेवली. तारीख मोकळी ठेवली, कारण ती माझ्या माहितीतली नव्हती. "कै." लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. आर्याला पाठवलं, तुझ्या नजरेला कधी पडू देऊ नको म्हणालो. तिने ओट्यावर ठेवलं! त्या ओट्यावर!

टेपवाले माझेच. वकिलाला नकाशा हवा होता. घर, वाडी, गल्ली, सगळं तुझ्या नावावर करणारं बक्षीसपत्र तयार आहे. माझी सही होत नाही, अंगठा चालेल म्हणाले. म्हणून आधार मागत होतो; दाखला आणि फोटो पाटीच्या अर्जासाठी. तू दिलं नाहीस, तर हितेशने रेशनच्या कार्डावरून काम चालवलं.

आणि आता शेवटचं. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी मी तुझ्याकडून एका कागदावर सही घेतली. तुला म्हणालो, विजेच्या मीटरचा अर्ज आहे. तो मीटरचा नव्हता. तो हक्कसोडीचा होता. बाबांच्या जागेतला तुझा हिस्सा तू मला सोडून दिलास असा. तुझ्या नावाची पाटी लागली पाहिजे असं मला वाटण्याचं खरं कारण हे आहे. तू ज्या जमिनीवरून नाव पुसलंस, ते मीच पुसायला लावलं. कुठेतरी ते परत लिहिलेलं असावं.

मला माफ कर असं म्हणत नाही. तुला सांगितलं, एवढंच.

जयवंत

(आत्याआजी, आजोबांनी खाली डाव्या हाताने सही करायचा प्रयत्न केला आहे. नीट आलेली नाही. खुशी)


उमेळे
२४ मार्च २०२५

जया,

पत्र गुरुवारी आलं. चार वेळा वाचलं. मग लिडियाला वाचायला दिलं, ती खुर्चीत बसून रडली आनि जाताना माझ्या डोक्यावरून हात फिरवून गेली. मेली, माझ्याहून दहा वर्षांनी लहान!

आधी तुझ्या तब्येतीचं. दोन झटके येऊन गेले आनि मला "तब्येत उत्तम"? तू समोर असतास तर कान पिळला असता, डावा. ह्याचा राग अजून गेलेला नाय, आनि तो जानार पन नाय, तेव्हा ते सोड.

आता त्या मीटरच्या कागदाचं. अरे, मी चौथी पास हाय. घरात वीज होती, मीटर होता, माझ्या डोळ्यासमोर भिंतीला होता. दुसरा मीटर कशाला लागेल? तू कागद चटईवर ठेवलास आनि पानी प्यायला उठलास, तेवढ्यात मी तो वाचला. सगळा. "स्वखुशीने हक्क सोडून देत आहे." वाचूनच सही केली. तुझं लग्न ठरत होतं, बायकोकडची मानसं जागेचं विचारत होती, आनि तुला माझ्याकडं तोंड उघडून मागायची लाज वाटत होती. मला वाटलं, ह्याला ती लाज परत वाटू नये.

मी सगळ्यांवर संशय घेते. तुझ्यावर पन ह्या जानेवारीपासून घेतला, आनि चांगलाच घेतला. पन त्या दिवशी नाय घेतला. त्या दिवशी मला सगळं दिसत होतं.

मला वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. चव्वेचाळीस वर्षं तू हे एकट्यानं उचललंस. एकदा विचारलं असतंस तर त्याच दिवशी उतरलं असतं.

बक्षीसपत्र घेऊन ये. मी वाचून सही करीन, सवयीनं. सिद्धेशला पन आन. त्याला ओट्यावर बसवायचा हाय, वाडीत फिरवायचा नाय.

पाटीचं. आर्याला मी बोलावली, माझ्या हातची केळ्याची भाजी वाढली. तिची भीती गेली नव्हती, ताटाकडं बघत होती. मी तिच्या पाटीवर लिहिलं, "तुझा अर्ज दे." तिनं दिला. मी तो फाडला. मग मी लिहिलं, "मेल्याशिवाय पाटी लागत नसेल तर पाटीला थांबू दे. मला घाई नाय. नाशिकला जो बसलाय त्याला पन नको." नियम बदलता येतो का ते बघते म्हनाली. बघू दे, तरुन हाय.

पन तू लिहिलेलं एक मला पटत नव्हतं. लोक पत्ता "जिजाआकाची गल्ली" असा सांगतात? मला कुनी सांगितलं नाय, आनि सांगितलं असतं तरी ऐकू आलं नसतं. म्हटलं, आर्यानं मला चढवायला लिहिलं असेल. खात्री करून घ्यावी.

काल मी डोक्यावरून, तोंडावरून ओढनी गुंडाळली, लिडियाच्या पोरीची, हिरवी. वसई रोड स्टेशनला गेले. स्टँडवर एक रिक्षावाला, मी त्याला कधी बघितला नव्हता, इकडचा पन वाटत नव्हता. मी आत बसले आनि एवढंच बोलले, जिजाआकाची गल्ली. उमेळं म्हनाले नाय, बिल्डिंगीचं नाव घेतलं नाय. तो "कुठं?" म्हनून वळला सुद्धा नाय. निघाला! मी दांड्याला धरून बसले. वळनावर वळला, देवळावरून आला, आनि बरोबर आपल्या फाटकापाशी उभा राहिला.

मग मागं वळला आनि बहुतेक समजला की मला कमी ऐकू येतं, कारन इतक्या मोठ्यानं बोलला की मला प्रत्येक शब्द कळला. म्हनाला, "काकी, आत ओट्यावर एक म्हातारी असते. कोन म्हनून विचारील. खरं सांगा, ती लगेच ओळखते. पन घाबरू नका, मानूस चांगलं हाय."

मी ओढनी काढली नाय. तशीच उतरले, आत आले आनि ओट्यावर बसले. जाम वेळ बसले.

तर पाटी लागत नाय, जया. सिद्धेशच्या मोबाईलातला नकाशा चुकला तर स्टँडवर कुनालाही विचारा, आनून सोडतील. रामनवमीच्या आत ये. चाफ्याला कळ्या आल्यात. खुर्ची ओट्यावर तुझ्यासाठी काढून ठेवलीय, तिला हात टेकायला डाव्या बाजूनं दांडी हाय.

मी समोरच असेन. तुला पन विचारीन, कोन रे तू, कुनाकडं चाललास? खरं सांग. आत सोडीन.

तुझी
आका